पुरात हुकलेल्या गोळ्या आणि मेंदूतले रिसेप्टर : एक प्रकरण अभ्यास

मी मिरजेत मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करते. हे प्रकरण लिहायला रुग्णाची आणि त्याच्या घरच्यांची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत. घरात त्याला सगळे ‘थोरला’ म्हणतात, इथेही तेच म्हणू. त्याच्या वडिलांना गाव आबा म्हणतं.

पार्श्वभूमी

कृष्णाकाठचं गाव, तीन एकर द्राक्षबाग, घरात आजी, आई-वडील, थोरला, धाकटा आणि धाकट्याची बायको. थोरल्याला पहिल्यांदा त्रास झाला 2012 साली, तेव्हा तो 21 वर्षांचा होता. फवारणीच्या ब्लोअरच्या आवाजात त्याला माणसं बोलताना ऐकू येऊ लागली. ती त्याचं नाव घेत आणि औषधाच्या टाकीत काहीतरी कालवलंय असं सांगत. त्यानं बागेत जाणं सोडलं, मग जेवणं. निदान स्किझोफ्रेनियाचं झालं. रिस्पेरिडोन रोज 4 मिलीग्रॅमवर सहा आठवड्यांत आवाज थांबले. तो पुन्हा बागेत जाऊ लागला, छाटणीला माणसं लावू लागला.

सुरुवातीला साधा डोस चांगला लागू पडला होता, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या विचारात ती महत्त्वाची ठरली.

दोन वर्षांनी लग्नाची बोलणी सुरू झाली. गोळ्यांनी अंग आखडतं, चेहरा मख्ख दिसतो, पाहुण्यांना कळेल, म्हणून त्यानं गोळ्या बंद केल्या. लग्न ठरलं नाही आणि आजार परतला. मग तेच चक्र चालू राहिलं: बरं वाटलं की बंद, त्रास वाढला की चालू. दर खेपेला डोस थोडा वर सरकायचा. 2016 मध्ये रिस्पेरिडोन 8 मिलीग्रॅमपर्यंत नेऊनही आवाज पुरते थांबेनात. 2017 पासून तो हॅलोपेरिडॉल 15 मिलीग्रॅम आणि हातापायांच्या थरथरीसाठी ट्रायहेक्सिफेनिडिलवर होता. तो माझ्याकडे आला तो याच टप्प्यावर. दोन वर्षं बरी गेली.

समस्या

ऑगस्ट 2019. कृष्णेचं पाणी सांगलीत आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. थोरल्याच्या गावात पाणी रात्री शिरलं. जनावरं सोडायची, म्हाताऱ्या आजीला उचलायचं, कागदपत्रं घ्यायची या धांदलीत गोळ्यांचा डबा कपाटात राहिला. घरच्यांनी बारा दिवस नातेवाइकांकडे काढले. रस्ते बंद होते, आणि गोळीची चिठ्ठीही त्या डब्यातच होती.

तिसऱ्या दिवशी झोप गेली. पाचव्या-सहाव्या दिवशी आवाज आले. 2012 मध्ये दोनच माणसं बोलायची. आता सगळा गाव बोलत होता आणि एकमेकांना हुकूम देत होता. पाणी आपल्यामुळे आलं असं त्याला वाटू लागलं. आठव्या दिवशी त्यानं पाहुण्यांच्या गच्चीवरून उडी मारायचा प्रयत्न केला. धाकट्यानं कमरेला मिठी मारून धरला.

ओपीडीत आणला तेव्हा त्याच्या पायांवर गाळाचे सुकलेले पापुद्रे होते. नजर दाराकडे. आणि जबडा सारखा हलत होता, गाल आत-बाहेर, मधूनच जिभेचं टोक बाहेर. आजी वैतागून म्हणाली, “त्या घरी गेल्यापास्नं सारकं त्वांड चाळवतुया. तंबाखू कुठनं मिळवतुया कुणास ठावं.” मी केसपेपरवर लिहिलं: तंबाखू, आहे. आणि पुढे गेले.

पहिला निर्णय आणि त्यातली चूक

त्या दिवशी त्याला दाखल करणं आणि औषध परत सुरू करणं हे बरोबरच होतं. जिवाला धोका होता. मी हॅलोपेरिडॉल आधी 15 वरून 20 केलं, मग 30. दोन आठवड्यांत आवाज मंदावले, तोंडाची हालचालही थांबली. आजीला वाटलं, तंबाखू सुटली. मला वाटलं, आजारानं जोर धरला होता, म्हणून जास्त डोस लागला.

दिवाळीत तो आत्याकडे गेला आणि दोन दिवस गोळ्या चुकल्या. दोनच दिवस. आवाज परत, जबडा परत. 30 मिलीग्रॅमवर असलेला माणूस दोन दिवसांत इतका कोसळतो हे मला खटकलं. या खेपेला त्याला खुर्चीवर बसवलं, चपला काढायला लावल्या, हात गुडघ्यांवर ठेवायला सांगितले आणि म्हटलं, “तोंड उघड. तोंडात काय आहे?”

तोंडात काहीच नव्हतं. जीभ मात्र आत स्वस्थ नव्हती, गांडुळासारखी वळवळत होती. पायाची बोटंही हळूहळू उचलून खाली जात होती. हा टार्डिव्ह डिस्कायनेशिया होता, डोपामिन या मेंदूतल्या निरोप नेणाऱ्या रसायनाचं काम रोखणारी औषधं अनेक वर्षं घेतल्यानंतर येणारी अनैच्छिक हालचाल. औषध अचानक थांबलं की ती उघडी पडते, डोस वाढवला की काही काळ झाकली जाते. ऑगस्टमध्ये मी तिला झाकलं होतं.

मेंदूत काय झालं असावं

इथे थोडं थांबायला हवं, कारण घरच्यांशी झालेलं सगळं बोलणं यावरच उभं होतं.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप देतात. निरोप घेणाऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर तो झेलणारे रेणू असतात, त्यांना रिसेप्टर किंवा ग्राही म्हणतात. भास-भ्रमांवरच्या औषधांपैकी क्लोरप्रोमाझिन 1952 मध्ये पॅरिसला वापरात आलं, तेव्हा ते कसं काम करतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. 1963 मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी ही औषधं डोपामिनचे रिसेप्टर अडवत असावीत असा धागा पुढे आणला. डोपामिनवरच्या कामासाठी त्यांना 2000 साली नोबेल मिळालं. 1970 च्या दशकाच्या मध्यावर टोरांटोचे फिलिप सीमन आणि अमेरिकेतले सॉलोमन स्नायडर यांच्या गटांनी दाखवलं की औषध डी-2 या डोपामिन रिसेप्टरच्या प्रकाराला जितकं घट्ट चिकटतं, तितका त्याचा कमी डोस रुग्णाला पुरतो.

मग प्रश्न आला: स्किझोफ्रेनियात हे रिसेप्टरच वाढलेले असतात का? मृत रुग्णांच्या मेंदूत ते जास्त सापडले. पण त्यातल्या बहुतेकांनी वर्षानुवर्षं औषधं घेतली होती, आणि उंदरांना काही आठवडे हॅलोपेरिडॉल दिलं तरी त्यांच्या मेंदूतले डी-2 रिसेप्टर वाढतात. म्हणजे वाढ आजाराची की औषधाची, हे सुटं करणं अवघड. कधीच औषध न घेतलेल्या रुग्णांचे पेट स्कॅन (जिवंत मेंदूतले रिसेप्टर मोजता येणारी तपासणी) झाले, त्यातही 1986 मध्ये अमेरिकेतल्या एका गटाला मोठी वाढ दिसली आणि 1990 मध्ये स्टॉकहोमच्या गटाला दिसली नाही. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांत जास्त ठामपणे पुढे आलं ते वेगळंच: निरोप पाठवणारी पेशीच डोपामिन जास्त बनवते आणि सोडते. ग्लुटामेट या दुसऱ्या निरोप नेणाऱ्या रसायनाचे एनएमडीए नावाचे रिसेप्टरही या गोष्टीत आहेत, कारण ते अडवणाऱ्या केटामिन या भुलीच्या औषधामुळे निरोगी माणसातही भास आणि तुटक विचार दिसतात.

थोरल्याच्या बाबतीत मला महत्त्वाची वाटली ती औषधानं होणारी वाढ. वर्षानुवर्षं डी-2 अडवून ठेवले की पेशी भरपाई करते, रिसेप्टर वाढवते आणि जास्त संवेदनशील करते. औषध चालू आहे तोवर हे कळत नाही. ते अचानक थांबलं की आधीच जास्त असलेलं डोपामिन या वाढलेल्या रिसेप्टरवर येऊन आदळतं. माँट्रियलचे गी शुइनार आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये याला अतिसंवेदनशीलतेची सायकोसिस (म्हणजे भास-भ्रमांची अवस्था) असं नाव दिलं. या कल्पनेवर मतभेद आहेत, प्रत्येक उलटलेला आजार असा नसतो. पण सुरुवातीला कमी डोस लागू पडणं, मग डोस चढत जाणं, गोळी चुकली की काही दिवसांत पूर्वीपेक्षा जोरात त्रास होणं आणि सोबत तोंडाची हालचाल, हे सगळं एकाच माणसात दिसत होतं.

मिरजेत काय, देशात कुठल्याही ओपीडीत असे रिसेप्टर मोजायची नेहमीची तपासणी नाही. त्यांचा अंदाज जबड्यावरून, पायाच्या बोटांवरून आणि गोळ्या चुकल्याच्या तारखांवरून बांधावा लागतो.

आबांना मी हे कापसाच्या बोळ्याचं उदाहरण देऊन सांगत होते: कानात बोळे घातले, कान जास्त तीक्ष्ण झाले, मग बोळे उपटले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, बागंला पाण्याचा ताण बसला आन् मग एकदम पाणी सोडलं की मणी तडाकतंय. तसंच झालं म्हणा की.” यापुढे मी त्यांचंच उदाहरण वापरलं. त्यातून एक फायदाही झाला. ताण हळूहळू सोडायचा असतो हे त्या घरात कुणालाही पटवावं लागलं नाही.

कोणते पर्याय होते

डोस आणखी वाढवणं हा सर्वांत सोपा पर्याय होता आणि घरच्यांचीही तीच मागणी होती. पण टोरांटोच्या पेट अभ्यासात, 2000 साली, दिसलं होतं की साधारण 65 टक्के डी-2 व्यापले की गुण येऊ लागतो आणि 78 टक्क्यांच्या पुढे आखडणं, थरथर वाढतात. हॅलोपेरिडॉलच्या रोजच्या 2 मिलीग्रॅमनेसुद्धा सरासरी दोन तृतीयांश रिसेप्टर व्यापले जातात. मग 30 चे 40 करून व्यापायला उरतं काय? रिसेप्टर आणखी वाढायला मात्र कारण मिळतं.

महिन्याचं इंजेक्शन हा दुसरा पर्याय. त्यात पूर आला तरी औषध अंगात राहतं आणि उतरतं तेही सावकाश. 2017 मध्ये तो द्यायला हवा होता. आता तोंडाच्या हालचाली उघड असताना तेच औषध महिनाभरासाठी शरीरात ठेवणं मला जड वाटलं. विजेच्या झटक्यांचे उपचार, म्हणजे ईसीटी, राखून ठेवले. आत्महत्येचा धोका पुन्हा वाढला असता तर ते पहिले. सगळं हळूहळू कमी करून बघावं, असं धाकट्याच्या बायकोनं सुचवलं होतं. तिचा प्रश्न खरा होता, “वहाणेनंच पाय कापत असंल तर वहाण बदलूया की.” पण बदली औषधाशिवाय कमी करायचं धाडस गच्चीच्या प्रसंगानंतर माझ्यात नव्हतं.

उरलं क्लोझापिन हे औषध. ते डी-2 ला सैल चिकटतं, लवकर सोडतं आणि नेहमीच्या डोसात कमी रिसेप्टर व्यापून काम करतं. 1988 मध्ये अमेरिकेत, इतर औषधांनी गुण न आलेल्या 268 रुग्णांच्या अभ्यासात सहा आठवड्यांत क्लोझापिनवरचे 30 टक्के सुधारले, क्लोरप्रोमाझिनवरचे 4 टक्के. टार्डिव्ह हालचाली त्यानं क्वचितच होतात, असलेल्या बऱ्याचदा कमी होतात. दुसरी बाजूही आबांना सांगितली. 1975 मध्ये फिनलंडमध्ये या औषधानं पांढऱ्या पेशी घटून रुग्ण दगावले होते, म्हणून पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. पहिल्या महिन्यात हृदयाला सूज येऊ शकते. बद्धकोष्ठता जिवावर बेतू शकते. वजन आणि साखर वाढते. आणि गोळी 48 तासांपेक्षा जास्त चुकली तर जुन्या डोसवर परत जाता येत नाही, पुन्हा 12.5 मिलीग्रॅमपासून चढावं लागतं.

पुराच्या गावात राहणाऱ्या माणसाला असं औषध द्यावं का, यावर मी आठवडाभर अडले होते. निर्णय थोरल्यानं केला. त्या वेळी तो नीट समजून बोलू शकत होता. त्यानं एकच विचारलं, “रक्त किती काढणार?” मी दोन मिलीलीटरची बाटली दाखवली. ती हातात घेऊन बघितली आणि म्हणाला, “एवढंच? मग चालेल.”

काय केलं

जानेवारी 2020 मध्ये दोन आठवडे दाखल करून क्लोझापिन सुरू केलं, मार्चच्या मध्यापर्यंत 350 मिलीग्रॅम गाठलं. हॅलोपेरिडॉल 30 वरून 10 पर्यंत तीन महिन्यांत आणलं; वरच्या भागात डोस घटला तरी व्यापलेल्या रिसेप्टरचं प्रमाण फारसं हलत नाही. खरी उतरंड शेवटच्या काही मिलीग्रॅममध्ये असते. तिथे पायऱ्या अगदी लहान केल्या, 1.5 च्या गोळीचे तुकडे करत, आणि ते पूर्ण बंद झालं मार्च 2021 मध्ये. ट्रायहेक्सिफेनिडिल तोंडाच्या हालचाली वाढवू शकतं, तेही टप्प्याटप्प्यानं काढलं.

याच काळात घरी एक पिशवी तयार झाली. जाड प्लास्टिकची, पंधरा दिवसांच्या गोळ्या, चिठ्ठीची लॅमिनेट केलेली प्रत, रक्ताचे शेवटचे रिपोर्ट आणि माझा नंबर. ती आबांच्या खाटेच्या डोक्याशी खिळ्याला टांगलेली असते आणि दर महिन्याला तिच्यातल्या गोळ्या बदलतात. रक्त दर आठवड्याला तपासायच्या काळात पंधरा दिवसांच्या गोळ्या घरी ठेवू देणं नियमाला धरून नव्हतं, हे मला माहीत होतं. आबांकडून कबुली घेतली की फोन केल्याशिवाय पिशवी उघडायची नाही.

लॉकडाऊन आणि बिड्या

मार्चअखेर इस्लामपुरात कोरोनाचे रुग्ण सापडले, लॉकडाऊन लागला आणि रक्ताचा नववा आठवडा उजाडला. धाकटा बेदाण्याच्या गाडीतून त्याला आणायचा. एक आठवडा हुकला, तेव्हा ताप-घसा विचारून चार दिवसांच्याच गोळ्या दिल्या.

एप्रिलमध्ये धाकट्याचा फोन आला. थोरला सोळा-सोळा तास झोपतोय, उशी लाळेनं भिजतेय, उठला की झोकांड्या देतोय. पहिला विचार संसर्गाचा, कारण मोठ्या संसर्गातही क्लोझापिन रक्तात चढतं. ताप नव्हता, खोकला नव्हता, पांढऱ्या पेशी ठीक होत्या. मग विचारलं, “बिड्या किती चालल्यात?” धाकटा हसून म्हणाला, “कुठल्या बिड्या? तीन आठवडं झालं दुकानं बंद हाईत.”

धुरातल्या घटकांमुळे यकृत क्लोझापिन भराभर मोडतं. दिवसाला दीड-दोन कट्टे ओढणारा माणूस एकदम थांबला की तोच डोस त्याला जड होतो. तंबाखू चघळल्यानं किंवा मिश्रीनं असं होत नाही, कारण हा परिणाम निकोटिनचा नसून धुराचा आहे. डोस 250 वर आणला, आठवड्यात तो ताळ्यावर आला, पुढे 300 वर स्थिरावला. जूनमध्ये बिड्या परत मिळू लागल्या. तो दिवसाला दोन-तीनवर थांबला आहे. हा आकडा मी दर भेटीला लिहून ठेवते.

परिणाम

आवाज गेलेले नाहीत. थोरला म्हणतो, “शेजारच्या घरात रेडिओ लागल्यासारखं. काय बोलत्यात ते कळत नाही, म्हणून त्रास नाही.” जबडा बराच शांत आहे, मात्र दमला किंवा घाबरला की हलतो. वजन 9 किलो वाढलं, साखर सीमेवर आहे, रोज रात्री इसबगोल घ्यावं लागतं. बेदाण्याच्या शेडवर निवडीचं काम तो पूर्ण दिवस करतो. ब्लोअरजवळ अजून जात नाही, आणि आम्हीही आग्रह धरत नाही.

जुलै 2021 मध्ये कृष्णेला पुन्हा मोठा पूर आला. घर सोडायच्या आधी आबांनी फोन केला, “पिशवी उघडू का?” पिशवीतल्या दहा दिवसांच्या गोळ्या लागल्या. एकही चुकली नाही.

काय वेगळं करता आलं असतं

ऑगस्ट 2019 मध्ये डोस वाढवला हे मला अजूनही चुकीचं वाटत नाही. चूक पुढच्या अडीच महिन्यांची होती. तो शांत झाल्यावर डोस हळूहळू खाली आणून बघायला हवा होता आणि त्याच वेळी जुन्या केसपेपरवरून डोसांचा आलेख काढायला हवा होता. 4, 6, 8, मग दुसऱ्या औषधाचे 15, 20, 30. कागदावर हे आकडे एकाखाली एक लिहिले असते तर नोव्हेंबरपर्यंत थांबावं लागलं नसतं.

आजीनं जे पाहिलं ते अचूक होतं. तिचा अर्थ वेगळा होता, तपासायचं काम माझं होतं. आता जुन्या रुग्णाच्या तोंडाची हालचाल दिसली की मी आधी चूळ भरायला लावते, मगच बघते. आणि औषध घेत असलेल्या प्रत्येकाची ही तपासणी सहा महिन्यांनी होते, हालचाल दिसो वा न दिसो.

क्लोझापिनचा विचार 2017 मध्येच व्हायला हवा होता. दोन औषधं पुरेशा डोसात, पुरेसा काळ देऊन गुण अपुरा असेल तर तो पर्याय समोर ठेवायचा असतो. मी रक्ततपासणीच्या कटकटीला भ्यायले. गाव लांब, माणसं कामात, जमणार नाही असं मीच ठरवून टाकलं होतं. त्यांना विचारलं नव्हतं.

आणि ज्या वेळी लग्नाच्या बोलण्यांमुळे गोळ्या सुटल्या, तेव्हा कुणीतरी त्याच्याशी चेहरा मख्ख दिसण्याबद्दल बोलायला हवं होतं. त्यावर उपाय होते: डोस थोडा कमी करता आला असता, औषध बदलता आलं असतं. तेव्हा तो 4 मिलीग्रॅमवर होता.

सध्या प्रश्न आहे तो 300 चे 275 करायचे का. साखरेसाठी ते बरं, आणि थोरल्यालाही सकाळची गुंगी कमी हवी आहे. आबा म्हणतात, फळछाटणी होऊन जाऊ दे. मी हंगामानंतरची तारीख दिली आहे, आणि धाकट्याला घरी जबड्याचे छोटे व्हिडिओ दर रविवारी काढून ठेवायला सांगितलंय.